सेकंडहँड एसयूव्ही घ्यायचीय? आधी ओझं मोजा, मग गाडी बघा



चांदवड, मनमाड, देवळा, मालेगाव या पट्ट्यात छोटा धंदा करायचा म्हटलं की दोन गोष्टी येतातच: घाट आणि शिवाररस्ता. कुणाला नाश्त्याचा स्टॉल ट्रेलरवर बसवून आठवडे बाजारात न्यायचाय, कुणाला नवरात्रात रेणुकामातेच्या यात्रेत दुकान लावायचंय, कुणाला जनरेटर किंवा फवारणी यंत्र भाड्याने द्यायचंय. मग डोक्यात येतं, "एखादी जुनी बोलेरो नाहीतर स्कॉर्पिओ घेऊन टाकू. मागे ट्रेलर ओढेल, शेतातही जाईल, घरच्यांनाही होईल."

कल्पना चांगली आहे. पण नवीन धंदेवाल्याचं भांडवल अडकण्याची ही एक नेहमीची जागा. गाडी स्वस्तात मिळते आणि सहा महिन्यांत गॅरेजमध्ये उभी राहते, तीही नेमकी सीझनमध्ये. म्हणून आज टप्प्याटप्प्याने बघू, जुनी एसयूव्ही धंद्यासाठी निवडायची कशी.

पायरी १: गाडी खरंच लागते का? आधी हिशोब

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी आहेत, तुम्ही तुमचे टाका.

समजा गाडीत तीन लाख रुपये घातले. वर्षाचा ठरलेला खर्च असा धरा:

- विमा, पीयूसी वगैरे: १५,००० रुपये
- दुरुस्ती आणि टायर: ४५,००० रुपये
- गाडीची किंमत उतरली: ३०,००० रुपये
- तीन लाखांवरचं व्याज, १० टक्क्यांनी: ३०,००० रुपये

एकूण १,२०,००० रुपये. गाडी दारात उभी असली तरी यातला बराचसा खर्च होतोच.

आता एक फेरी जाऊन-येऊन ६० किलोमीटरची. ट्रेलर मागे असताना लिटरला १० किलोमीटर मिळाले आणि डिझेल ९० रुपये धरलं, तर फेरीला ५४० रुपये. तीच फेरी भाड्याच्या पिकअपने १,५०० रुपयांत होत असेल, तर स्वतःच्या गाडीने फेरीमागे ९६० रुपये वाचतात. १,२०,००० भागिले ९६०, म्हणजे १२५ फेऱ्या.

याचा अर्थ, वर्षाला १२५ किंवा महिन्याला साधारण दहा-अकरा फेऱ्या होत नसतील, तर भाड्याचीच गाडी परवडते. पहिलं वर्ष भाड्याने काढा, फेऱ्यांची नोंद वहीत ठेवा आणि मग ठरवा. आणि रोज फक्त मालच न्यायचा असेल, घरच्यांसाठी सीट नको असतील, तर एसयूव्हीच्या मागे न लागता सरळ पिकअप बघा.

पायरी २: ओझं मोजा

बरेच जण विचारतात, "ही गाडी किती ओढेल?" खरा प्रश्न आहे, "ही गाडी किती थांबवेल?"

समजा माणसं आणि सामानासह गाडी १,९०० किलो आणि भरलेला स्टॉल ८०० किलो. एकूण २,७०० किलो. दर १०० मीटरला ५ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर हे ओझं साधारण १३५ किलोच्या जोराने मागे खेचतं. चढताना तो भार इंजिन, क्लच आणि रेडिएटरवर येतो. उतरताना तोच १३५ किलोचा जोर गाडीला पुढे ढकलतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

वेगाचा हिशोब तर आणखी कडक आहे. ताशी ४० ऐवजी ६० ने गेलात तर वेग दीडपट होतो, पण थांबवायची ऊर्जा सव्वादोनपट होते. राहुड घाटात मागेपुढे कंटेनर चालू असताना हे गणित लक्षात ठेवा. ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा. सतत ब्रेक दाबून उतरलात तर ब्रेक तापतात, आणि तापलेला ब्रेक धरत नाही.

म्हणून स्टॉल बनवायच्या आधी फॅब्रिकेटरला वजनाची मर्यादा सांगा. तयार झाल्यावर गॅस, भांडी, पाणी सगळं भरून वजनकाट्यावर न्या. शे-दोनशे रुपयांचं काम आहे. मग गाडीच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढण्याची मर्यादा दिलीय का बघा. आपल्याकडच्या अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत ती नसते. नसेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. "शेजाऱ्याची ओढते" हा पुरावा नव्हे.

पायरी ३: कोणती गाडी?

ओढायच्या कामाला स्वतंत्र चेसिसवर बॉडी बसवलेली, मागच्या चाकांना ताकद देणारी डिझेल गाडी बरी. ट्रेलरचं वजन हुकवर येतं तेव्हा मागची चाकं जमिनीला घट्ट धरतात, आणि ताकदही त्याच चाकांना असते.

बोलेरो: २००० साली आली. मागे पाटे, साधी रचना. २.५ लिटरच्या जुन्या मॉडेलची ताकद ६३ अश्वशक्ती, म्हणजे महामार्गावर संथ. पण कमी वेगात जोर मिळतो आणि फिटर गावोगावी आहेत.

स्कॉर्पिओ: २००२ साली आली. एम-हॉक इंजिनचं मॉडेल घाटात बोलेरोपेक्षा कितीतरी सोपं जातं. पण इलेक्ट्रॉनिक भाग जास्त, दुरुस्ती महाग.

या दोन्ही गाड्या महिंद्राच्या नाशिक कारखान्यात बनलेल्या, त्यामुळे आपल्या भागात पार्ट आणि माहितगार हात दोन्ही सहज मिळतात.

सुमो आणि जुनी सफारी: सुमो १९९४ ची, सफारी १९९८ ची. दणकट आहेत. सुमो २०१९ मध्ये बंद झाली, म्हणून घेण्याआधी तुमच्या मेकॅनिकला पार्टचं विचारा.

मोठी विदेशी नावं: एंडेव्हर ओढायला उत्तम. पण फोर्डने भारतातलं उत्पादन २०२१ मध्ये थांबवायचं ठरवलं, आणि शेवरोलेची भारतातली विक्री २०१७ मध्येच बंद झाली. एका पार्टसाठी आठ दिवस गाडी उभी राहिली, तर धंदाही आठ दिवस उभा. धंद्याच्या गाडीत पार्ट दुसऱ्या दिवशी मिळणं हेच सगळ्यात मोठं फीचर.

पायरी ४: फोर बाय फोर हवीच का?

वडनेर भैरवकडे द्राक्षाची तोडणी मुख्यतः उन्हाळ्याच्या तोंडावर, म्हणजे जमीन कोरडी. मुरमाच्या आणि वाळलेल्या शिवाररस्त्याला मागच्या चाकांची साधी गाडी, चांगले टायर आणि उंच पोट एवढं पुरतं.

पावसाळ्यात काळ्या मातीत रोज जायचं असेल तरच फोर बाय फोरचा विचार करा. आणि तेव्हाही टायर झिजलेले असतील तर चारही चाकं जागेवर फिरतील. ट्रेलरसह चिखलात शिरायचं तर आधी खाली उतरून पायी रस्ता बघा. शंका आली की ट्रेलर डांबरीवर सोडा.

फोर बाय फोर घेतलीच तर ती चालू होते का, हे मातीवर तपासा. जुन्या गाड्यांत फोर बाय फोर लावून कोरड्या डांबरावर वळवलं की दांडे आणि गिअरवर ताण येतो.

पायरी ५: गाडी बघायला गेल्यावर

सोबत तुमचा मेकॅनिक न्या, विकणाऱ्याचा नको. आणि हे सात मुद्दे बघा:

१. थंड इंजिन. मालकाला सांगा, आम्ही आल्यावरच सुरू करायची. आधीच गरम करून ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी या.

२. धूर. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर खोलात तपासा. ऑइलचं झाकण उघडल्यावर आतून जोरात वाफारा येत असेल तर इंजिनकाम जवळ आलंय.

३. क्लच. चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा. आवाज वाढतो पण वेग वाढत नाही? क्लच प्लेट संपलीय.

४. रेडिएटर. घाट चढवून आणा. तापमानाचा काटा मधे स्थिर राहायला हवा. पाण्यात ऑइलचा तवंग दिसला तर नमस्कार करून परत या.

५. चेसिस. गाडीखाली झोपून बघा, विशेषतः मागचा आडवा भाग, कारण हुक तिथेच बसणार. गंज, तडा, नवीन वेल्डिंग किंवा ताजा काळा रंग दिसला तर कारण विचारा.

६. ब्रेक आणि पाटे. मोकळ्या रस्त्यावर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते का? पाटे तुटलेत का?

७. टायर. बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी जुनं रबर कडक झालेलं असतं.

आणि एक नियम: तीन लाखांचं बजेट असेल तर गाडी सव्वादोन लाखांपर्यंतचीच बघा. उरलेले ७५,००० ब्रेक, टायर, क्लच, हुक आणि कागदांसाठी. सगळे पैसे गाडीत घालणारा पहिल्याच दुरुस्तीला उसने मागतो.

पायरी ६: कागद

- परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून मालकाचा तपशील, कर्जाचा बोजा, विमा, फिटनेस आणि दंडाची चलनं बघा. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ शिवाय पूर्ण पैसे देऊ नका.
- नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो, विमा नावावर करायला १४ दिवस. "नंतर करू" म्हणू नका.
- खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. १४ वर्षांची गाडी स्वस्त दिसते ती यामुळेच.
- दिल्ली पासिंगच्या डिझेल गाड्या स्वस्त मिळतात, कारण तिकडे १० वर्षांवरच्या डिझेलवर निर्बंध आले. इकडे आणायची तर एनओसी, नवीन नोंदणी आणि इथला रोड टॅक्स धरूनच किंमत मोजा.
- ट्रेलर हे कायद्याने वेगळं वाहन आहे, त्याची वेगळी नोंदणी लागते. वेल्डिंग करून थेट रस्त्यावर आणायचा नाही. स्टॉल बनवायच्या आधीच आरटीओत जा, आणि धंद्याच्या वापराबद्दल विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.
- इंद्राई, राजधेरला जाणाऱ्या ट्रेकर्सना पैसे घेऊन पायथ्याला सोडायचा विचार आहे? पांढऱ्या नंबर प्लेटच्या खासगी गाडीने भाड्याची प्रवासी वाहतूक चालत नाही. अपघात झाला तर विम्याचा दावा अडकू शकतो, आणि घर-शेत पणाला लागू शकतं.

ट्रेलर जोडल्यावर

जड सामान ट्रेलरच्या चाकांच्या थोडं पुढे ठेवा. एकूण वजनाच्या साधारण दहावा हिस्सा हुकवर यावा. ८०० किलोच्या स्टॉलला ८० किलो. वजन मागे गेलं की ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो आणि गाडीलाही घेऊन जातो. सेफ्टी साखळी, ब्रेकलाइट आणि इंडिकेटर दर फेरीला तपासा. जड ट्रेलर असेल तर त्याला स्वतःचा ब्रेक बसवून घ्या.

आजचा गृहपाठ

वहीचं एक पान घ्या आणि चार ओळी लिहा: भरलेल्या ट्रेलरचं वजन किती, महिन्याला फेऱ्या किती, रस्त्यात घाट आणि कच्चा रस्ता किती, आणि दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम किती. चारही आकडे लिहून झाल्याशिवाय एकही गाडी बघायला जायचं नाही. आणि हे पान खिशात असताना विकणारा "साहेब, आज टोकन द्या, उद्या गाडी जाईल" म्हणाला, तर जाऊ द्या. जुन्या गाड्या बाजारात रोज येतात, तुमचं भांडवल मात्र एकदाच जमलेलं असतं.