प्राणिगृहात काम करणाऱ्यांची सुरक्षितता

काही वर्षांपूर्वी द्रव्यगुण विषयाचा एक पदव्युत्तर विद्यार्थी शिंका, नासास्राव व नेत्रकंडू या तक्रारी घेऊन माझ्याकडे आला. प्रतिश्याय समजून मी सितोपलादी चूर्ण व अणुतैलाचे नस्य दिले. तात्पुरता उपशम मिळे, पण लक्षणे पुन्हा उद्भवत. तिसऱ्या भेटीत दिनक्रम विचारला तेव्हा उलगडा झाला. प्रबंधासाठी तो रोज प्राणिगृहातील पांढऱ्या उंदरांचे पिंजरे साफ करीत असे. रविवारी शिंका नसत. निदानपरिवर्जन ही पहिली चिकित्सा असे आपण शिकतो. मी मात्र निदानच विचारले नव्हते.

उंदरांच्या मूत्रातील प्रथिने पिंजऱ्यातील तुसावर वाळतात आणि तूस ओतताना धुळीबरोबर श्वासात जातात. आरंभी शिंका येतात. दुर्लक्ष झाल्यास काहींना तमकश्वास जडतो. साधा रुमाल येथे पुरत नाही. एन-९५ मुखपट्टी, हातमोजे, प्राणिगृहातच ठेवावयाचा स्वतंत्र अंगरखा आणि हवा बाहेर खेचणारा पंखा आवश्यक आहे.

मूषकविष केवळ दंशाने बाधत नाही, हे सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानाच्या सातव्या अध्यायात सांगितले आहे. अठरा प्रकारचे मूषक वर्णिताना त्यांनी शुक्रस्पर्शही कारण मानला आहे. स्पर्श क्षुल्लक समजू नये, हा त्यातील बोध आजही लागू पडतो.

त्याचे दारुण उदाहरण अमेरिकेत घडले. ऑक्टोबर १९९७ मध्ये जॉर्जिया राज्यातील यर्किस प्रायमेट संशोधन केंद्रात एलिझाबेथ ग्रिफिन ही २२ वर्षांची तरुणी काम करीत असताना ऱ्हीसस माकडाकडून उडालेला द्रव तिच्या डोळ्यात गेला. दंश नाही, ओरखडा नाही. तिने कागदाने डोळा पुसला. पाण्याने धुतला तो सुमारे ४५ मिनिटांनी, तोही दोनच मिनिटे. माकडांना फारसा त्रास न देणारा बी विषाणू मनुष्याच्या मज्जासंस्थेवर आघात करतो. डिसेंबरमध्ये तिचा मृत्यू झाला. अशा प्रसंगी डोळा तत्काळ १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावा, जखम साबण-पाण्याने तितकाच वेळ धुवावी व विनाविलंब सुसज्ज रुग्णालय गाठावे. तेथे विषाणुविरोधी औषध लवकर सुरू होणे महत्त्वाचे असते. आपल्या औषधांवर विसंबून वेळ दवडू नये.

औषधनिर्मात्यांशीही या विषयाचा संबंध आहे. २०१० मध्ये औषध नियमावलीत नियम १५८-ब आल्यापासून काही वर्गांतील आयुर्वेदीय औषधांच्या परवान्यासाठी सुरक्षितता-अध्ययन लागते. कल्पाची सुरक्षितता तपासताना तपासणाऱ्याची सुरक्षितता विसरू नये. काम सोपविण्यापूर्वी प्राणिगृह प्रत्यक्ष पाहावे. डोळे धुण्याची सोय दाराशी आहे काय? वापरलेल्या सुईवर टोपण पुन्हा बसविले जाते की ती थेट कठीण डब्यात टाकली जाते? चावा, ओरखडा, शिंतोडा यांची नोंद त्याच दिवशी होते काय? नोंद करणाऱ्याला बोलणी खावी लागत असतील, तर नोंदवही कोरीच राहील.

माझ्या त्या विद्यार्थ्याने साधने बदलली, पिंजरे साफ करण्याचे काम सोडले व प्रबंधही पूर्ण केला. तेव्हापासून प्रतिश्यायाच्या प्रत्येक रुग्णाला मी प्रथम विचारतो : ‘आपण काम कुठे करता?’ वैद्यबंधु-भगिनींनीही हा प्रश्न अवश्य विचारावा.