डोंगरउतारावरील नाट्यगृह

चेन्नईच्या एग्मोर भागात, पँथिऑन रोडवर, शासकीय संग्रहालयाचे नाट्यगृह आहे. हेन्री अर्विन या वास्तुशिल्पज्ञाने आखलेली ही इमारत १८९६ साली उभी राहिली. तिची धाटणी इटालियन आहे. परंतु रंगमंचासमोर अर्धवर्तुळात पायरीपायरीने चढत जाणाऱ्या बैठकांचे मूळ शोधू लागल्यास सुमारे अडीच हजार वर्षे मागे, ग्रीस देशात जावे लागते.

‘थिएटर’ हा शब्दही तेथलाच. ‘थिएट्रॉन’ म्हणजे पाहण्याची जागा. अथेन्समधील ॲक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर डायोनायसस देवाच्या उत्सवात नाटके होत. प्रेक्षक आरंभी लाकडी बाकांवर बसत. दगडी पायऱ्या इ. स. पू. चौथ्या शतकात आल्या. टेकडीमुळे पायऱ्यांना आयता आधार मिळाला आणि मागच्याची दृष्टी पुढच्याच्या डोक्यावरून खाली पोहोचू लागली. पायथ्याच्या सपाट जागेस ‘ऑर्केस्ट्रा’, म्हणजे नाचण्याची जागा, म्हणत. गायक-नर्तकांचा समूह तेथे असे. तिच्या मागे ‘स्कीनी’, म्हणजे मुळात तंबू, असे. पात्रे तेथे मुखवटे बदलीत. पुढे तिचीच दर्शनी भिंत नाटकातला राजवाडा ठरली.

या रचनेचा उत्कृष्ट नमुना एपिडॉरस येथे आहे. तेथे पायऱ्यांच्या ५५ रांगा असून ऑर्केस्ट्राचे वर्तुळ सुमारे २० मीटर व्यासाचे आहे. वर्तुळाच्या मध्यभागी नाणे पडले तरी शेवटच्या रांगेत ऐकू येते, अशी या नाट्यगृहाची ख्याती आहे. २००७ साली अमेरिकेतील संशोधकांनी गणिताने दाखविले की, पायऱ्यांची रांग ही ध्वनीची चाळणीच होय. वाऱ्याची सळसळ व प्रेक्षकांची कुजबुज यांतील खालच्या पट्टीचे ध्वनी ती दाबते, तर वक्त्याच्या आवाजातील उंच पट्टीचे ध्वनी मागे जाऊ देते. तथापि २०१७ साली नेदरलँड्सच्या संशोधकांनी प्रत्यक्ष मोजमाप केले, तेव्हा नाण्याचा आवाज शेवटच्या रांगेत ओळखता येत नाही व कुजबुज तर पुढच्या काही रांगांपुरतीच समजते, असे आढळले. मोठ्याने, स्पष्ट उच्चारलेले शब्द मात्र अगदी वरपर्यंत कळतात.

आख्यायिका गळून पडली तरी स्थपतीची थोरवी कमी होत नाही. कोणतेही यंत्र हाताशी नसताना हजारो माणसांना एकच शब्द एकाच वेळी ऐकविणारी जागा त्याने घडविली. उरलेले काम नटाच्या स्वच्छ वाणीचे होते.