विश्लेषण : संगणकावरील खेळांनी विस्मरण थांबते का?

साठी ओलांडलेल्या व्यक्तीला डॉक्टरांनी ‘एमसीआय’चे निदान सांगितले, की घरची मंडळी बहुधा मोबाइलवर ‘मेंदूचे व्यायाम’ शोधू लागतात. अ‍ॅपची वर्गणी भरून रोज अर्धा तास खेळल्यास स्मृतिभ्रंश दूर राहील, अशी आशा त्यामागे असते. ही आशा अमेरिकेत प्रत्यक्ष तपासली गेली आणि निकाल अनपेक्षित निघाला.

‘एमसीआय’ म्हणजे काय?

‘माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट’ ही वयोमानाने होणारे विस्मरण आणि स्मृतिभ्रंश यांच्या मधली अवस्था. मेयो क्लिनिकचे रोनाल्ड पीटरसन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये तिचे निकष मांडले. स्मरणशक्ती वयाच्या मानाने कमी भरते. पण स्वयंपाक, औषधे, बँकेचे व्यवहार यांत माणूस अजून परावलंबी झालेला नसतो. ६५ वर्षांवरील अशा व्यक्तींपैकी सुमारे १५ टक्के जणांना दोन वर्षांत स्मृतिभ्रंश होतो. काही जण मात्र पुन्हा पूर्ववत होतात. त्यामुळे ‘खेळामुळे बाबांना फरक पडला’ हा एका घरातला अनुभव पुरावा ठरत नाही.

चाचणीत काय आढळले?

कोलंबिया आणि ड्यूक विद्यापीठांच्या संशोधकांनी एमसीआय असलेल्या १०७ जणांचे दोन गट केले. एका गटाला स्मृती, वेग, एकाग्रता यांचे संगणकीय खेळ दिले, तर दुसऱ्याला संगणकावरच शब्दकोडी. बारा आठवडे, आठवड्यातून चार वेळा, प्रत्येकी अर्धा तास. पुढे अधूनमधून उजळणी. खेळ सरस ठरतील, असा संशोधकांचा कयास होता. ७८ आठवड्यांनी घडले उलटे. विचारशक्ती मोजणाऱ्या प्रमाणित चाचणीत कोडी सोडवणारे किंचित सुधारले, खेळणारे किंचित घसरले. स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस या भागाची झीजही कोड्यांच्या गटात कमी दिसली. २०२२ मध्ये ‘एनईजेएम एव्हिडन्स’ या नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

यावरून घरोघरी कोडी वाटायची घाई नको. फरक लहान होता, माणसे थोडी होती आणि काहीच न करणारा तिसरा गट नव्हता. शिवाय कोडी इंग्रजी होती. मराठी दैनिकातल्या कोड्याला हा निकाल जसाच्या तसा लागू होत नाही.

गुण वाढतात, मग अडते कुठे?

खेळात गुण वाढतातच, सरावाने कोणाचेही वाढतील. पडद्यावरचे पत्ते जुळवण्यात तरबेज झालेल्या आजोबांना किल्ली कुठे ठेवली ते आठवते का, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेतील ‘अ‍ॅक्टिव्ह’ या सुमारे २,८०० ज्येष्ठांवरील चाचणीचा एक निष्कर्ष येथे बोलका आहे. ज्यांची स्मृती आधीच कमजोर होती, त्यांना स्मृती वाढवण्याच्या युक्त्यांचा फायदा झाला नाही. तर्क आणि वेगाच्या प्रशिक्षणाचा मात्र इतरांसारखाच झाला. युक्ती लक्षात ठेवायलाही स्मरणशक्ती लागतेच ना! अर्थात, हा फायदाही त्या त्या कौशल्याच्या चाचणीपुरता होता.

एकत्रित पुरावाही संमिश्र आहे. २०१७ मधील एका आढाव्यात एमसीआयवरील १७ चाचण्यांतून संगणकीय प्रशिक्षणाचा माफक लाभ दिसला. कॉक्रेन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात ८ चाचण्या, ६६० सहभागी होते. त्यातून स्मृतिभ्रंश टळतो की नाही, हे ठरवता आले नाही.

जाहिरातींचे काय?

‘लुमोसिटी’ हे खेळ विकणाऱ्या कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फसव्या दाव्यांचा ठपका ठेवला. जानेवारी २०१६ मध्ये २० लाख डॉलर भरून कंपनीने प्रकरण मिटवले. वयोमानाने येणारा स्मृतीचा ऱ्हास लांबवण्याच्या दाव्याला पुरेसे शास्त्र नाही, हाच आक्षेप होता.

मग आधी काय करावे?

वर्गणीआधी रक्ततपासणी. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, कमी ऐकू येणे, झोपेच्या गोळ्या यांमुळेही विसरायला होते आणि यांतल्या बहुतेकांवर उपाय आहेत. शाकाहारी घरांत बी-१२ कडे विशेष लक्ष हवे. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत एमसीआयसाठी कोणत्याही औषधाची शिफारस नव्हती. आठवड्यातून दोनदा शारीरिक व्यायाम करावा, असे त्यांत म्हटले होते; बौद्धिक प्रशिक्षणाबाबत शब्द होता ‘सुचवता येईल’ इतकाच.