स्विचफलकातील सुरक्षा-शटर : एकस्व-परीक्षण

धातूच्या कपाटात बसविलेल्या विद्युत् स्विचफलकातून मंडल खंडक (सर्किट ब्रेकर) बाहेर ओढला असता, मागे उघडे पडणारे विद्युत् भारित स्पर्शक आपोआप झाकणाऱ्या पडद्यास सुरक्षा-शटर म्हणतात. अशा शटराच्या यंत्रणेत केलेली एखादी सुधारणा खरोखर नवा शोध आहे की परिचित भागांची केवळ फेरजुळणी आहे, याची एकस्व (पेटंट) कार्यालयात होणारी कायदेशीर व तांत्रिक छाननी म्हणजे त्या यंत्रणेचे एकस्व-परीक्षण होय. यंत्रणा लहान व तिचे भाग ओळखीचे असल्यामुळे हे परीक्षण पुष्कळदा कठीण ठरते.

गरज व रचना : ओढून काढता येणारी, धातुवेष्टित स्विचयंत्रे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्लंडमध्ये प्रचारात आली. हेबर्न येथील रेरोल कंपनीतील एच. डब्ल्यू. क्लोदियर यांचे नाव या विकासाशी निगडित आहे. या रचनेत मंडल खंडक चाकांच्या गाडीवर बसविलेला असतो. त्याच्या मागील बाजूचे स्पर्शक कपाटातील स्थिर स्पर्शकांत शिरले म्हणजे मंडल पूर्ण होते. दुरुस्तीसाठी गाडी बाहेर ओढली, की स्थिर स्पर्शकांचा एक संच मुख्य संवाहक पट्ट्यांशी व दुसरा केबलशी जोडलेला राहतो. मंडल खंडक डोळ्यांसमोर बाहेर काढलेला असला, तरी पट्ट्यांकडील स्पर्शकांवर ११ किलोव्होल्टचा दाब कायम असू शकतो. केबलचे दुसरे टोक भारित असल्यास तिकडील स्पर्शकही तितकेच घातक असतात. येरमाळ्यासारख्या (ता. कळंब, जि. धाराशिव) गावांना ग्रामीण भागात वीज पुरविणाऱ्या ३३/११ किलोव्होल्ट उपकेंद्रांत जेथे अशी कपाटे आहेत, तेथे साफसफाईसाठी आत हात घालणारा तंत्रज्ञ व भारित तांबे यांच्यामध्ये शटराचा एक पत्राच काय तो असतो.

सामान्य रचनेत गाडी पुढे सरकताना तिच्या बाजूवरील पिन किंवा कॅम एका तरफेला ढकलतो व तरफ शटर उचलते. गाडी मागे आली, की शटर स्वतःच्या वजनाने अथवा स्प्रिंगेमुळे बंद होते. पट्ट्यांकडील व केबलकडील शटरे वेगवेगळी ठेवल्यास, चाचणीसाठी एक उघडे असताना दुसरे कुलूपबंद ठेवता येते. शटर धातूचे असल्यास ते भूयोजित करतात. १ ते ५२ किलोव्होल्टपर्यंतच्या धातुवेष्टित स्विचयंत्रांना आयईसी ६२२७१-२०० हे आंतरराष्ट्रीय मानक लागू आहे. त्यात विभाजक पडद्यांचे धातूचे व निरोधक द्रव्याचे असे दोन वर्ग केले आहेत. आवरणाची परीक्षा घेताना १२·५ मिमी. व्यासाचा गोल आत जात नाही, असे पाहणे हे बोटापासून संरक्षणाचे एक प्रचलित प्रमाण आहे.

कायदा व कार्यालय : भारतात एकस्वाचा पहिला कायदा १८५६ मध्ये झाला. १९११ च्या कायद्याचा आढावा न्यायमूर्ती एन. राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ च्या अहवालात घेतला. त्याच्या आधारे झालेला १९७० चा एकस्व कायदा २० एप्रिल १९७२ पासून अंमलात आला. १९९९, २००२ व २००५ मध्ये त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. मूळ कायद्यात सामान्य शोधांसाठी १४ वर्षांची असलेली मुदत आता अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे आहे.

एकस्व कार्यालये कोलकाता, मुंबई, दिल्ली व चेन्नई येथे आहेत. अर्जदाराचे वास्तव्य, व्यवसायाचे ठिकाण किंवा शोधाचे उगमस्थान ज्या क्षेत्रात असेल, तेथील कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो. त्यामुळे येरमाळा येथील एखाद्या कारागिराचा अर्ज आणि कळवा किंवा नाशिक येथील मोठ्या स्विचयंत्र-कारखान्याचा अर्ज मुंबई कार्यालयाच्याच कक्षेत येतो व दोघांना एकच कसोटी लागू पडते.

परीक्षणाचे टप्पे : अर्जासोबत शोधाचे विनिर्देश द्यावे लागतात. प्रथम तात्पुरते विनिर्देश दिल्यास पूर्ण विनिर्देश १२ महिन्यांत दाखल करणे आवश्यक असते. अर्ज सामान्यतः १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. केवळ अर्ज केल्याने परीक्षण होत नाही. त्यासाठी स्वतंत्र विनंती करावी लागते. पूर्वी ४८ महिने असलेली या विनंतीची मुदत मार्च २०२४ च्या नियमांनी ३१ महिन्यांवर आणली. नवउद्योग, लघुउद्योग व महिला अर्जदार यांना शीघ्र परीक्षणाची सोय आहे.

नियंत्रक अर्ज परीक्षकाकडे सोपवितो. परीक्षक आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या साहाय्याने पूर्वज्ञान शोधतो. ओढून काढता येणाऱ्या स्विचयंत्रांतील शटरे व संरक्षक पडदे यांचा वर्ग एच ०२ बी ११/२४ असा आहे. त्यानंतर पहिला परीक्षण-अहवाल अर्जदारास पाठविला जातो. त्यातील आक्षेपांना सहा महिन्यांत उत्तर द्यावे लागते. उत्तराने समाधान न झाल्यास नियंत्रक सुनावणी देऊन निर्णय करतो. एकस्व नाकारले गेल्यास उच्च न्यायालयात अपील करता येते. पूर्वी अशी अपिले ऐकणारे बौद्धिक संपदा अपील मंडळ २०२१ मध्ये रद्द झाले. प्रसिद्धीनंतर व मंजुरीपूर्वी कोणीही विरोध नोंदवू शकतो. मंजुरीनंतर हितसंबंधी व्यक्तीस एक वर्षापर्यंत विरोध करता येतो.

शटर-यंत्रणेची कसोटी : शोध नवा असावा, त्यात त्या विषयातील जाणकारास उघड नसलेली पायरी असावी आणि तो उद्योगात उपयोगी असावा, या तीन मुख्य अटी आहेत. शटराच्या बाबतीत तिसरी अट सहज पुरी होते. खरा वाद पहिल्या दोन अटींवर होतो. शिवाय कलम ३(एफ) नुसार, प्रत्येक भाग आपापले परिचित कार्य स्वतंत्रपणे करीत असेल, तर अशा ज्ञात साधनांची नुसती मांडणी किंवा फेरमांडणी हा शोध ठरत नाही.

एका काल्पनिक उदाहरणाने हा भेद स्पष्ट होईल. परिचित शटरावर इशाऱ्याचा दिवा बसविला आणि शटर झाकण्याचे व दिवा पेटण्याचे काम स्वतंत्रपणे करीत राहिला, तर ती केवळ बेरीज होय. परंतु अडसर अशा रीतीने जोडला, की स्प्रिंग तुटली तरी शटर बंदच राहील आणि गाडीच्या दोन्ही बाजूंच्या पिना एकाच वेळी जागेवर आल्याशिवाय ते उघडणार नाही, तर भागांच्या परस्परक्रियेतून एकट्या भागाला न साधणारा परिणाम घडतो. अशी जोडणी आधीच्या एखाद्या दस्तऐवजात नसेल व दोन-तीन दस्तऐवज एकत्र वाचूनही जाणकारास सुचण्यासारखी नसेल, तर तिला एकस्व मिळू शकते.

यांत्रिक सुधारणांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज (१९७८) हा निर्णय मार्गदर्शक मानतात. कातकामाच्या वेळी भांडी धरून ठेवण्याच्या एका साधनाचे एकस्व त्यात अवैध ठरले. कार्यशाळेतील साध्या सुधारणेपलीकडे काहीतरी असल्याशिवाय सुधारणेस एकस्व मिळू शकत नाही, हे तत्त्व त्यातून दृढ झाले. शटराची लांबी वाढविणे, पत्र्याऐवजी निरोधक द्रव्य वापरणे किंवा तरफ डावीकडून उजवीकडे नेणे यांसारखे बदल सामान्यतः या तत्त्वापुढे टिकत नाहीत.

विनिर्देशाचे महत्त्व : परीक्षक यंत्र चालवून पाहत नाही; तो विनिर्देश, आकृत्या व दावे वाचतो. ‘गाडी काढताच स्पर्शक झाकणारे शटर’ एवढाच दावा केला, तर जुनी बहुतेक सर्व शटरे त्यात येतात व दावा नावीन्याअभावी फेटाळला जातो. उलट प्रत्येक खिळ्याचे माप दाव्यात घातले, तर प्रतिस्पर्धी एक माप बदलून त्यातून निसटतो. अडसर कशाने सुटतो व कशाने सुटत नाही, हे नेमके सांगणारा दावा या दोहोंच्या मध्ये असतो. परीक्षणाच्या वेळी दावा संकुचित करता येतो. परंतु मूळ विनिर्देशात नसलेली गोष्ट कलम ५९ नुसार नंतर भरता येत नाही. म्हणून स्प्रिंग तुटण्याचा उल्लेख पहिल्या दिवशी राहून गेल्यास, यंत्रणेचा खरा गुण कागदावर कधीच येत नाही.

प्रकटनाचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. अर्जापूर्वी यंत्रणा ग्राहकांसमोर मांडली, विकली किंवा तिची माहिती छापली, तर ती पूर्वज्ञानाचा भाग होते. शासनाने अधिसूचित केलेले प्रदर्शन व विद्वत्संस्थेपुढील निबंधवाचन यांसाठी १२ महिन्यांची सवलत आहे. सामान्य बाजारातील प्रदर्शनास ती नाही. लहान कार्यशाळांचे हक्क बहुधा याच ठिकाणी गमावले जातात. तात्पुरते विनिर्देश आधी दाखल करणे हा त्यावरील सोपा उपाय आहे.

मर्यादा : एकस्व म्हणजे इतरांना वगळण्याचा मुदतीचा हक्क होय, ते सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नव्हे. शटर हजारो वेळा उघडझाप झाल्यावर अडकेल काय, अंतर्गत ठिणगीज्योत उद्भवल्यास ते टिकेल काय, हे परीक्षक तपासत नाही. त्यासाठी केंद्रीय विद्युत् संशोधन संस्थेसारख्या प्रयोगशाळांत मानकांनुसार नमुना-चाचण्या कराव्या लागतात. तसेच चाचणीत उत्तीर्ण झालेली यंत्रणा नवी असेलच असे नाही. एकस्व मंजूर झाल्यावर मात्र विनिर्देशात सांगितलेले ज्ञान सर्वांना वाचता येते व मुदत संपल्यावर कोणासही वापरता येते. मक्तेदारीच्या बदल्यात समाजाला मिळणारा हा मोबदला पुरता आहे किंवा नाही, हेच परीक्षणात अखेर ठरवावयाचे असते.