टाळांचा नाद आणि आकड्यांची काटकसर

आपल्या जालना जिल्ह्यातील कोणत्याही गावचे भजन घ्या. गळा, पेटी, पखवाज आणि टाळ असे चार आवाज त्यात असतात. ते एकत्रच मुद्रित केले, तर पखवाज जास्त वाजला म्हणून नंतर तो एकटाच कमी करता येत नाही. म्हणून प्रत्येकापुढे वेगळा मायक्रोफोन ठेवून प्रत्येक आवाज स्वतंत्र साठवतात. अशा प्रत्येक स्वतंत्र नोंदीला ‘ट्रॅक’ म्हणतात.

अंकीय यंत्र आवाजाचे आकडे करते. माणसाला सुमारे २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. त्यांची नोंद करायची, तर सेकंदाला त्याच्या दुपटीहून अधिक मापे घ्यावी लागतात. म्हणून ४४,१०० मापे घेण्याचा प्रघात पडला. प्रत्येक माप १६ बिटांचे, म्हणजे २ बाइटांचे. आता हिशेब करा : एका ट्रॅकला मिनिटाला सुमारे ५३ लाख बाइट, चार ट्रॅकना २ कोटी १२ लाख !

१९९६ च्या सुमारास यामाहा एमडी-४ सारखी घरगुती चार-ट्रॅक यंत्रे निघाली. त्यांच्या मिनिडिस्क तबकडीची क्षमता होती १४० मेगाबाइट. वरील हिशेबाने तिच्यावर जेमतेम साडेसहा मिनिटे मावायला हवीत. प्रत्यक्षात ३७ मिनिटे मावत. हे कसे साधले ?

त्याचे उत्तर आपल्या कानात आहे. मोठा आवाज चालू असताना त्याच्या जवळच्या कंप्रतेचा बारीक आवाज कानाला जाणवत नाही. याला ‘आच्छादन’ म्हणतात. झाकले जाणारे भाग यंत्र ढोबळ आकड्यांत नोंदवते. त्यामुळे थोडी खरखर निर्माण होते. पण तीही मोठ्या आवाजाआड लपते.

मात्र टाळांपुढे ही युक्ती अवघडते. यंत्र आवाजाचे छोटे तुकडे पाडून काम करते. मोठा तुकडा ११.६ मिलिसेकंदांचा असतो. तुकड्याच्या शेवटी टाळ खणकन वाजला, तर खरखर पूर्ण तुकड्यात पसरते, आणि आघाताआधीच्या शांततेत तिला झाकणारे काही नसते ! यावर उपाय म्हणून आघाताच्या जागी तुकडे आखूड केले जातात. तरीही टाळ ही कठीण परीक्षाच.

दुसरा धोका मिश्रणाचा. चार ट्रॅक एकत्र करून पुन्हा आवळले, की नवी खरखर जुनीत मिळते. एखाद्या ट्रॅकचे उंच स्वर वाढवले, तर लपलेली खरखरही वर येते. गेलेले आकडे मात्र परत मिळत नाहीत. एमपी३ फाइलचे वेव्हमध्ये रूपांतर केले, तरी आकार तेवढा वाढतो, गुण नाही.

आज ३२ गिगाबाइटच्या कार्डावर न आवळलेले चार ट्रॅक सुमारे २५ तास मावतात. म्हणून मूळ नोंद वेव्ह किंवा फ्लॅक स्वरूपात ठेवावी. फ्लॅकमध्ये आकार घटतो, पण एकही आकडा गळत नाही. मित्रांना पाठवायची प्रत हवी तर आवळावी.

विद्यार्थी मित्रांनो, एक प्रयोग करा. टाळांचा आवाज वेव्हमध्ये मुद्रित करा. त्याची ६४ किलोबिटची एमपी३ प्रत काढा. त्या प्रतीची प्रत, असे दहा वेळा करा. मग कानाला यंत्र लावून पहिली आणि शेवटची प्रत ऐका.

तुमच्या आजीला जात्यावरच्या ओव्या येत असतील, तर त्या मुद्रित करण्यापूर्वी हा प्रयोग जरूर करा. ओवी पुन्हा म्हणायला आजी नेहमीच असेल असे नाही.