डर्ट बाइक घेताय? आधी इंजिन ‘टू-स्ट्रोक’ की ‘फोर-स्ट्रोक’ ते बघा

मोबाईलवर उड्या मारणाऱ्या डर्ट बाइक बघून पोरं घरी हट्ट धरतात. जुनी गाडी स्वस्तात मिळाली की पैसेही देऊन मोकळे होतात. पण इंजिन कोणत्या जातीचं आहे हे माहीत नसलं, तर थोड्याच दिवसांत पिस्टन-बोअरचं काम निघतं.

स्ट्रोक म्हणजे काय?

पिस्टनची वर किंवा खाली एक खेप म्हणजे एक स्ट्रोक. फोर-स्ट्रोकमध्ये पहिल्या खेपेला पेट्रोल-हवा आत येते, दुसरीत दाबली जाते, तिसरीत प्लगच्या ठिणगीने भडका होऊन ताकद मिळते, चौथीत धूर बाहेर जातो. आत-बाहेरची दारं म्हणजे व्हॉल्व्ह. ऑइल इंजिनात वेगळं राहतं. स्प्लेंडर आणि हिरोची एक्सपल्स 200 या जातीच्या.

टू-स्ट्रोक हेच काम दोन खेपांत उरकतं. सिलिंडरच्या भिंतीतली भोकं पिस्टनच झाकतो आणि उघडतो. दर दोन खेपांना भडका, सुटे भाग कमी, म्हणून इंजिन हलकं आणि पिकअप एकदम. पण थोडं पेट्रोल न जळताच धुराबरोबर निघून जातं, त्यामुळे अ‍ॅव्हरेज कमी. जुनी राजदूत, आरएक्स 100 आणि शेतातले बरेच ग्रास कटर याच जातीचे.

मोटोक्रॉस स्पर्धांत आधी टू-स्ट्रोकचंच राज्य होतं. 1998 साली यामाहाची फोर-स्ट्रोक वायझेड 400 एफ आली. तिच्यावर डग हेन्री अमेरिकेत विजेता ठरला आणि वारं फिरलं.

चूक होते ती ऑइलमध्ये

टू-स्ट्रोकमध्ये नवं पेट्रोल आधी क्रँककेसमधूनच जातं. तिथे ऑइल साठवता येत नाही, म्हणून ते पेट्रोलबरोबर द्यावं लागतं. नुसतं पेट्रोल टाकलं तर पिस्टन कोरडा घासतो, तापतो आणि जाम होतो. प्रमाण कंपनीच्या पुस्तकात बघा. 40:1 असेल तर 1 लिटरला 25 मिली, 50:1 असेल तर 20 मिली. ऑइल 2टीच हवं. काही गाड्यांना ऑइलची वेगळी टाकी असते, तिथे ती रिकामी होऊ देऊ नका.

फोर-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये मात्र ऑइल टाकायचं नाही. लेव्हल बघायची आणि ऑइल वेळेवर बदलायचं.

घेण्याआधी हे तपासा

इंजिन थंड असताना चालू करायला लावा. टू-स्ट्रोकचा थोडा निळसर धूर चालतो. फोर-स्ट्रोक सतत निळा धूर सोडत असेल तर आत ऑइल जळतंय. रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेल्याची ती खूण.

शेवटचं म्हणजे कागद. कावासाकी केएक्ससारख्या गाड्या फक्त स्पर्धेच्या ट्रॅकसाठी असतात. त्यांना आरटीओचा नंबर नसतो. अशी गाडी गावच्या रस्त्यावर काढली आणि अपघात झाला, तर भरपाई घरावर येते. आरसी बुक दाखवत नसेल तर व्यवहार करू नका.