घेरी आलेल्यास उठवून बसवू नका

श्रोतेहो, वैशाखात तेल्हाऱ्याच्या बाजारात कोणी घेरी येऊन पडला, की चार हात त्याला तातडीने उठवून बसवितात. हेतू चांगला, उपाय उलटा. उन्हाने त्वचेतील रक्तवाहिन्या सैलावतात, घामावाटे पाणी व मीठ जाते, आणि फार वेळ उभे राहिल्याने रक्त पायांत साचते. रक्तदाब उतरतो व मेंदूला रक्त कमी पडते. माणूस आडवा होताच ते पुन्हा मेंदूकडे वळते. म्हणजे पडणे हा निसर्गाचाच उपचार होय!

म्हणून आधी श्वास चालू आहे ना, ते पाहावे. मग सावलीत उताणे निजवून पाय फूटभर उंच करावे, कपडे सैल करावे. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी घालू नये. नंतर पाणी किंवा मीठ घातलेले ताक द्यावे. उठविताना आधी बसवावे, मग उभे करावे.

घेरी वारंवार येत असेल, तर डॉक्टरांकडून निजून व उभ्याने रक्तदाब मोजून घ्यावा. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा अधिक उतरला, तर दोष तेथे असण्याचा संभव असतो. रक्तदाबाच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने सोडू नयेत.

अंग तापून माणूस बरळत असेल, छातीत दुखत असेल, वा मिनिटाभरात शुद्ध येत नसेल, तर ती साधी घेरी नव्हे; तत्काळ रुग्णालय गाठावे. तापलेल्या अंगावर वाटेतही गार पाणी शिंपडीत राहावे.